माक्याचं तेल: कढवायचं कसं, लावायचं कसं

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हवा इतकी कोरडी की दोरीवरचा टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक होतो. केसांचंही तेच होतं. वरून बोअरचं जड पाणी, रस्त्याची धूळ, आणि पार्लरात एकदा केलेलं स्ट्रेटनिंग. मग कुणीतरी सांगतं, माक्याचं तेल लाव. सल्ला चुकीचा नाही, पण त्या तेलाकडून काय मागायचं हे आधी ठरलेलं बरं.

डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्यामुळे तो आतून भरून येत नाही. त्याच्या बाहेरच्या अंगाला कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले खवले असतात. ऊन, ब्लीच, गरम इस्त्री आणि ओढून विंचरणं यांनी ही कौलं उचकटतात. धुताना अशा केसात पाणी जास्त शिरतं आणि तो फुगतो, वाळताना आकसतो. दर आठवड्याला दोन-तीनदा हे झालं की टोकं दुभंगतात. तेल ही कौलं परत चिकटवत नाही. ते केसात शिरणारं पाणी कमी करतं, केसांचं एकमेकांवर घासणं कमी करतं आणि आणखी झीज होऊ देत नाही. दुभंगलेलं टोक कोणत्याही तेलानं जुळत नाही, ते कापावंच लागतं.

दुसरी गोष्ट अनेकांना आवडणार नाही. वनस्पती-तेलात बहुतेक काम तेलच करतं. जास्वंदीचा आणि कोरफडीचा बुळबुळीतपणा पाण्यात विरघळणारा आहे, तो तेलात उतरत नाही. माका, कढीपत्ता, आवळा यांचे काही घटक उतरतात, रंग आणि वास उतरतो. पण "शंभर जडीबुटींचं" म्हणून तेल चांगलं ठरत नाही. तेल चांगलं ठरतं ते दोन गोष्टींवर: मूळ तेल कोणतं घेतलं, आणि कढवताना त्यातलं पाणी पूर्ण गेलं का.

मूळ तेल

राठ, तुटक्या केसांसाठी पाया खोबरेलाचा असावा. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं तेल) यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातून निघून जाणारं प्रथिन त्यात फक्त खोबरेलानं ठळकपणे कमी केलं. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ असते, म्हणून ते केसाच्या आत शिरतं. बाकीची दोन वरच राहतात. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतल्याच संशोधकांचा आहे हे ध्यानात ठेवा. तरी लॉरिक आम्लाचं ते स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे.

पण नुसत्या खोबरेलाची आपल्याकडे एक अडचण आहे. ते साधारण २४ अंशांखाली गोठू लागतं, आणि धुळ्याच्या थंडीत तर बाटलीतून निघतच नाही. तिथे तीळ कामाला येतो. तिळाचं तेल थंडीत पातळ राहतं, आणि त्यात सेसमोलसारखे घटक असल्यानं ते उन्हाळ्यातही लवकर खवट होत नाही. तीळ हे खान्देशाचं घरचं पीक. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रानं जेएलटी-४०८ सारखे वाण दिलेत, आणि लाकडी घाणे आता तालुक्याच्या गावीही दिसतात. आपला तीळ नेऊन समोर तेल काढून घेता आलं तर उत्तम. सातपुड्याच्या पट्ट्यात मोहाच्या बियांचं तेलही डोक्याला लावतात. ते जड आहे आणि थंडीत थिजतं, म्हणून फार तर खोबरेलातला थोडा वाटा त्याला द्या.

अर्ध्या लिटरसाठी प्रमाण असं धरा: खोबरेल ३०० मिली, तीळतेल १७५ मिली, एरंडेल २५ मिली. एरंडेल याहून वाढवू नका. घट्ट तेलानं केस दाट होतात असा समज आहे, प्रत्यक्षात ते काढायला दोन-तीनदा शाम्पू लागतो आणि राठ केसांत गुंता होतो. तो गुंता सोडवताना जितके केस तुटतात तितके तेलानं वाचत नाहीत.

सुटं खोबरेल घेतलं असेल तर काचेच्या ग्लासात थोडं ओतून फ्रिजमध्ये ठेवा. चांगलं असेल तर एकसारखं गोठेल. वर पातळ थर वेगळा राहिला तर त्यात दुसरं तेल आहे. मोहरीचं तेल आपल्या मिश्रणात नको, काहींच्या टाळूला ते झोंबतं.

माका ओळखणं आणि आणणं

माका ओलीच्या जागी येतो: पाटचारीच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्यात, केळीच्या बागेतल्या सऱ्यांमध्ये. पावसाळा सरताना तो भरात असतो, तेव्हा मुळासकट उपटून घ्यावा. पानं समोरासमोर, अरुंद आणि हाताला खरखरीत. फूल पांढरं, बटणासारखं, जेमतेम करंगळीच्या नखाएवढं.

एकदांडी दिसायला जवळची असल्यानं बरेच जण फसतात. तिचं फूल लांब, उघड्या दांड्यावर एकटं उभं असतं, पाकळ्या फिकट पिवळ्या आणि पानाला खोल दाते. खात्री करायची असेल तर माक्याचं पान बोटांत चुरगळा. रस आधी हिरवा दिसतो, दोन-चार मिनिटांत बोटावर काळपट होतो, आणि तो डाग संध्याकाळपर्यंत जात नाही. पान काळं पडलं नाही तर तो माका नाही.

ज्या शेतात तणनाशक मारलंय किंवा कपाशीवर नुकती फवारणी झालीय, तिथला माका घेऊ नका, कितीही टवटवीत दिसला तरी. तणनाशक मारल्यावर पहिले दोन-तीन दिवस तण हिरवंच दिसतं. गटाराकाठचाही नको. घरी आणल्यावर मुळांची माती झटकून तीन पाण्यांनी धुवा आणि सावलीत सुती कापडावर पसरा, म्हणजे वरचं पाणी सुकेल.

ताजा मिळाला नाही तर काष्ठौषधीच्या दुकानातून सुका माका घ्या. पावडर घेऊ नका, काडी-पान दिसेल असा घ्या. पावडरीत काय दळलंय ते कळत नाही, आणि ती गाळताना कापडातून तेलात उतरते.

साहित्य

आयुर्वेदात तेल सिद्ध करण्याचं प्रमाण ठरलेलं आहे: वाटण एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे अर्धा लिटर तेलाला १२५ ग्रॅम वाटण आणि २ लिटर रस. घरच्या शेगडीवर २ लिटर पाणी आटवायला दिवस जातो, म्हणून इथे १ लिटर धरलं आहे. तेल थोडं फिकं होतं, कोरड्या केसांच्या कामात फरक पडत नाही.

रसाच्या १ लिटरपैकी अर्धा लिटर माक्याचा रस. त्यासाठी साधारण किलोभर ताजा माका थोडं थोडं पाणी घालत मिक्सरमधून काढा आणि पंचातून पिळून घ्या. सुका असेल तर १२५ ग्रॅम २ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी मंद आचेवर अर्धा लिटर उरेपर्यंत उकळा. उरलेला अर्धा लिटर आवळ्याचा काढा: ६० ग्रॅम आवळकाठी, २ लिटर पाणी, तसंच आटवून.

वाटणासाठी कढीपत्ता ५० ग्रॅम, जास्वंदीची फुलं-पानं मिळून ३० ग्रॅम, आवळा चूर्ण २५ ग्रॅम, नागरमोथा १० ग्रॅम आणि मेथी १० ग्रॅम. नागरमोथा कुटून घ्या, मेथी चार तास भिजवा. सगळं जाडसर वाटा, गंधासारखं बारीक नको. मेथी हात राखूनच घाला. तिच्या चिकटपणामुळे फेस भांड्याबाहेर येतो आणि तळाला थर धरतो.

काढ्यासाठी बोअरचं पाणी वापरू नका. आटताना त्यातले क्षार घट्ट होत जातात. पिण्याच्या जारचं पाणी चालेल.

कढवणं

भांडं मोठं घ्या. दीड लिटर ऐवजाला किमान ४-५ लिटरचं, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं. लोखंडी कढई चालते, पण ज्या कढईत शेवभाजीची फोडणी होते ती नको. काळ्या मसाल्याचा वास लोखंडात मुरलेला असतो आणि गरम तेल तो हमखास उचलतं. तांब्याचं किंवा कल्हई गेलेलं पितळेचं भांडं टाळा, तांब्यानं तेल लवकर खवट होतं.

आधी तेल कोमट करा, गॅस बंद करा, वाटण घालून ढवळा, मग रस आणि काढा हळूहळू ओता. कडक तापलेल्या तेलात पाणी ओतायचं नाही, चेहऱ्यावर उडतं. मग मध्यम आचेवर उकळी येऊ द्या आणि उकळी आली की आच मंद करा.

पहिला अर्धा-पाऊण तास हिरवा फेस चढत राहतो. तेवढा वेळ जागेवरून हलू नका. पुढचा दीड-दोन तास काम सोपं आहे: मोठे बुडबुडे, भरपूर वाफ, खदखद आवाज. पाच-सात मिनिटांनी चपट्या उलथण्यानं बूड खरवडायचं. वाटण जड असतं, खाली बसतं आणि तिथेच लागतं. या टप्प्यात तेल जळत नाही, कारण पाणी आहे तोवर आतलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. आटणाऱ्या पाण्यानं तेलाला सांभाळलेलं असतं.

पाणी संपत आलं की सगळं बदलतं. वाफ विरळ होते. बुडबुडे बारीक होतात, खदखदीची जागा चुरचुर घेते, आणि तेल वाटणापासून सुटून वर स्वच्छ हिरवं दिसू लागतं. आता सांभाळणारं पाणी उरलेलं नसतं, तापमान भराभर चढतं. दोन-अडीच तास नीट केलेलं तेल शेवटच्या दहा मिनिटांत जळतं ते इथे. आच सगळ्यात बारीक करा आणि फोन बाजूला ठेवा.

आता वातीची परीक्षा. उलथण्यावर चिमूटभर वाटण घ्या आणि फुंकून गार होऊ द्या. अंगठा आणि तर्जनीत धरून वळा. पाणी बाकी असेल तर ते बोटांना चिकटतं, पसरतं, वात होत नाही. आणखी काही मिनिटांनी पुन्हा घ्या. आता ते मेणासारखं लागतं आणि दोन बोटांत सरळ वात वळली जाते. ती वात चिमट्यात धरून पातेल्यापासून लांब, दुसऱ्या शेगडीच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर न्या. तडतडली तर पाणी आहे, अजून पाच मिनिटं. आवाज न करता शांत जळली तर तेल झालं. याच वेळी तेलावर बारीक पांढरा फेस येतो. तुपात उलटं असतं: तिथे फेस बसला की तूप झालं. तूप कढवायची सवय असलेले हात इथे चुकतात, फेस बसायची वाट बघत राहतात आणि तेल करपतं.

वात वळायच्या ऐवजी वाटण वाळूसारखं भुरभुरलं तर थोडं पुढे गेलं. वास करपट नसेल तर लावायला चालतं.

गॅस बंद केल्यावर जाड बूड आणखी दहा मिनिटं शिजवत राहतं, म्हणून पातेलं उतरवून ढवळत राहा. बोट बुडवता येईल इतकं निवलं की कोरड्या सुती कापडातून गाळा. पार गार होऊ दिलं तर तेल वाटणातच अडकतं. पिळताना शेवटचा गढूळ भाग वेगळ्या वाटीत घ्या. ५०० मिलीतून ४२०-४५० मिली तेल मिळतं, बाकीचं चोथ्यात राहतं. तो चोथा त्याच दिवशी केस धुण्याआधी टोकांना चोळून संपवा. गाळलेलं तेल चोवीस तास झाकून ठेवा आणि वरचं नितळ तेल काचेच्या कोरड्या बाटलीत ओता. तळाचं गढूळ आणि वाटीतलं तेल आठ-दहा दिवसांत वापरून टाका.

सगळं एका बैठकीत उरका. जुन्या पद्धतीत दोन-तीन दिवस थांबत कढवतात, पण आपल्या उन्हाळ्यात पाणी असलेलं वाटण रात्रभर ठेवलं तर सकाळी आंबूस वास येतो.

कापूर घालायचा तर गाळल्यावर, तेल कोमट असताना, अर्ध्या लिटरला २ ग्रॅम. तो फक्त गारवा देतो, केसांना काही करत नाही. घरात लहान मूल असेल तर घालूच नका. कापूर मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

बिघडलं तर

गार झाल्यावरही तेल गढूळ राहिलं, किंवा चार दिवसांनी तळाशी पाण्याचे थेंब दिसले, तर ते कच्चं आहे. वास चांगला असेल तर पुन्हा मंद आचेवर ठेवा आणि चुरचुर थांबेपर्यंत तापवा. पांढरे-करडे तंतू किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर सगळी बाटली टाकून द्या. वरचं काढून, उन्हात ठेवून ते सुधारत नाही. "उन्हात मुरवलं की तेल पक्कं होतं" म्हणून लोक बाटल्या गच्चीवर ठेवतात. उजेड आणि उष्णता तेल खवट करतात, पक्कं नाही.

काळं तेल म्हणजे कडक तेल, हाही एक गैरसमज. लोखंड आणि आवळ्यातलं टॅनिन एकत्र आलं की काळा रंग येतो. उशीच्या अभ्र्याला तो लागतो, केसांना त्याचा जास्तीचा फायदा नाही. हिरवा रंग पानांचा आहे, दोन महिन्यांत फिका पडतो, त्यानं तेल बिघडलं असं होत नाही. बिघडलं की नाही ते नाक सांगतं: जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला की थांबायचं. अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवलेलं तेल सहा महिने सहज टिकतं. ओला हात किंवा ओला चमचा लागला तर महिन्यातच बिघडतं. म्हणून मोठी बाटली उघडायचीच नाही, आठवड्यापुरतं लहान बाटलीत काढायचं.

ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी सुक्या वनस्पती घ्याव्यात. तेच ५०० मिली तेल, त्यात सुका माका २० ग्रॅम, आवळकाठी २० ग्रॅम आणि कुरकुरीत सुकवलेला कढीपत्ता १० ग्रॅम. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घालून ते भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दोन तास ठेवायचं. वर झाकण नको, वाफेचं पाणी तेलात ठिबकतं. रात्रभर तसंच ठेवून सकाळी गाळायचं. जळायची भीती नाही, आणि वनस्पती खरोखर कोरड्या असतील तर पाण्याचीही नाही. पहिल्यांदा करणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी.

विकतचं घेणार असाल तर पुढची मोठी अक्षरं सोडून मागची बारीक वाचा. आयुर्वेदिक परवान्याच्या तेलावर कोणती वनस्पती किती हे लिहिलेलं असतं, आणि मूळ तेल कोणतं तेही. मिनरल ऑइल किंवा लिक्विड पॅराफिन हा पाया असेल तर केस चमकतील, अपाय होणार नाही, पण खोबरेलाचं काम ते करत नाही.

लावणं

आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक-दोन दिवस बघा. खाज, पुरळ, लाली आली तर ते तेल तुमचं नाही. ज्यांना केसांच्या डायनं किंवा काळ्या मेंदीनं कधी पुरळ आलंय त्यांनी ही चाचणी चुकवूच नये.

खांद्यापर्यंतच्या केसांना १०-१५ मिली, म्हणजे दोन-तीन चहाचे चमचे. कमरेपर्यंतच्या केसांना २०-२५ मिली. त्याहून जास्त लावलेलं उशी पिते आणि काढायला शाम्पू जास्त लागतो, म्हणजे लावलेल्याचा फायदा धुण्यात जातो.

नेहमीची रीत टाळूवर तेल ओतून खाली पुसत येण्याची. राठ केसांना ती उलटी करा. टोकाचा केस सगळ्यात जुना असतो. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे दीड फुटाच्या वेणीचं टोक जवळपास चार वर्षांचं. चार उन्हाळे त्यानं काढलेत. तेलही आधी त्यालाच. केसांचे चार भाग करा, तळहातावर अर्धा चमचा तेल चोळा, कानाच्या खालचे केस दोन्ही तळव्यांत दाबत टोकापर्यंत जा. टाळूला शेवटी बोटांची टोकं नुसती ओली करून फिरवा. जोरात घासायचं नाही, त्यानं केस एकमेकांत अडकतात. नंतर रुंद दात्यांच्या फणीनं टोकाकडून वर सोडवत या आणि सैल वेणी घाला.

दोन तास पुरेत. केस फार जाड आणि राठ असतील तर रात्रभर ठेवा, उशीवर जुना सुती कपडा टाकून. तेल चोपडून आठवडा काढायची पद्धत मात्र सोडा. आपल्याकडे धूळ इतकी की तेलकट केसांवर संध्याकाळपर्यंत थर बसतो. जिनिंगमध्ये किंवा कापूस वेचणीला जाणाऱ्यांच्या डोक्यात तंतूही अडकतात. ती धूळ विंचरताना केसावर कानसीसारखी घासते. आठवड्यातून दोनदा, धुण्याआधी, एवढंच ठेवा. उन्हात जायचं असेल तर तेलावर भिस्त ठेवू नका, डोक्यावर सुती ओढणी किंवा रुमाल घ्या.

धुणं, म्हणजे अर्धं काम

अंगाच्या साबणानं डोकं धुणं बंद. साबण अल्कधर्मी असतो, त्यानं खवले उभे राहतात. वरून जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाची पांढरी साय होते आणि ती केसावर बसते. केस धुतल्यावर तारेसारखे लागतात ते या सायीमुळे. पाणी जड आहे का हे बादलीच्या कडेवरून आणि गिझरच्या कॉइलवरून कळतं.

शिकेकाईची साय होत नाही, म्हणून बोअरच्या पाण्याला ती साबणापेक्षा बरी. ५० ग्रॅम शेंगा आणि बिया काढलेले ५-६ रिठे १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५-२० मिनिटं उकळा, निवल्यावर कुस्करून गाळा. दोन वेळा पुरतं, उरलेलं फ्रिजमध्ये तीन दिवस. डोळ्यांत जाऊ देऊ नका, रिठा फार झोंबतो. शाम्पू वापरत असाल तर एक चमचा मगभर पाण्यात फेटून तो फेस फक्त टाळूला लावा, खाली उतरताना तो केसही स्वच्छ करतो. शेवटचा १-२ लिटर पाण्याचा हात जारच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्या. त्यात प्रति लिटर एक चहाचा चमचा लिंबूरस घाला, मिनिटभर ठेवा आणि साध्या पाण्यानं काढा. लिंबू केसांत ठेवून उन्हात जायचं नाही, कातडीवर डाग पडतात.

ओले केस टॉवेलनं झटकणं आणि ओल्या केसांचा घट्ट अंबाडा, ही दोन्ही मोडतोडीची मोठी कारणं. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. जुन्या सुती साडीच्या किंवा टी-शर्टच्या तुकड्यात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत वाळवा.

कुणी लावू नये

पिवळट, तेलकट खवल्यांचा कोंडा असेल तर टाळूला तेल नको. त्या कोंड्यामागची बुरशी तेलावरच वाढते. अशांनी टोकांनाच लावावं. डोक्यात फोड, पाझरणारी जखम, नाण्याएवढी चाई, किंवा एकदम मूठमूठ गळणं असेल तर तेल बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी होणारी गळती आपसूक कमी होते, तिच्यासाठी महागडं तेल घेऊ नका.

फरक पडतोय का, कसं बघायचं

दोन वेण्या घाला. चार आठवडे उजव्या बाजूला तेल, डावीला काही नाही. धुणं, फणी, पाणी दोन्हीकडे तेच. सुरुवातीला दोन्ही टोकं एकाच दिवशी अर्धा इंच कापून घ्या. दर धुण्यानंतर प्रत्येक बाजू पांढऱ्या कागदावर विंचरा आणि पडलेले केस बघा. ज्याच्या टोकाला पांढरी गाठ आहे तो मुळातून गळालेला, त्याचा या तेलाशी संबंध नाही. गाठ नसलेले आखूड तुकडे म्हणजे तुटलेला केस, मोजायचे ते हेच. मऊपणा दोन-तीन धुण्यांतच जाणवतो, पण तो नुसत्या चिकणाईचाही असतो. तुकड्यांचा फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, म्हणून पहिले चार आठवडे झाल्यावर आणखी चार द्या. तेवढ्यानंतरही दोन्ही कागदांवर तुकडे सारखेच असतील तर तेल बदलण्याआधी पाणी बदलून बघा: महिनाभर दोन्ही बाजू जारच्या पाण्यानं धुवा आणि पुन्हा मोजा.